दोन उजव्या तंगड्या

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दोन रायफली आणि साठ काडतुसं आज सकाळी सव्वानऊला देशात आली. मोजून आणि नंबर ताडून खात्री केली ती बिश्केकच्या विमानतळावरच्या कस्टमच्या निरीक्षक कलिपानं. मोठ्या रायफलीची चाळीस काडतुसं, छोटीची वीस.

रायफलींचा मालक रायनर श्टाइन्डल, ऑस्ट्रियातला बांधकामवाला, वय एकसष्ट. आर्गालीच्या, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्याच्या, शिकारीला आलाय. परवाना एका नराचा.

कलिपानं हातमोजे घालून मोठी रायफल उचलली, नळीवरचा नंबर टॉर्चच्या उजेडात वाचला, गृहखात्याच्या परवानगीशी एकेक आकडा जुळवला आणि रायफल पेटीत परत ठेवली. ती ठेवते न ठेवते तोच श्टाइन्डलनं खिशातून फडकं काढून तिनं धरलेली जागा पुसली. तिच्या डोळ्यांदेखत, सावकाश. मी दुभाषी म्हणून उभी होते, पण त्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

पंचनाम्यावर यजमान कंपनीच्या जबाबदार व्यक्तीची सही लागते. मी पेन काढलं.

"एजे, तुम्ही करताय?" कलिपा म्हणाली. वयानं बरीच लहान आहे, मला एजे, म्हणजे ताईच म्हणते. "मालक कुठंयत?"

"मेलिस कामात आहे. त्यानं मला मुखत्यारपत्र दिलंय."

"वाचून करा सही."

"अगं, बावीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचूनच पोट भरलं माझं."

ती हसली नाही. तरुण माणसं कागदाला फार भितात.

मेलिस माझ्या वर्गातला. पेपर बंद पडला तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. काम दिलं ते त्यानं एकट्यानं. पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, कस्टम उरकायचं, डोंगरात बरोबर राहून भाषांतर करायचं, परत पाठवायचं. आज म्हणाला, "पुढच्या मोसमापासून सगळ्या पंचनाम्यांवर तुझंच नाव टाकू. माझ्यापेक्षा तुझ्या शब्दाला वजन आहे." बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आत-बाशीच्या पुढं, तुरदाकुन आकेच्या, म्हणजे तुरदाकुनदादाच्या, घरी मुक्काम. आमचा वनरक्षक आणि वाटाड्या तोच. वय त्रेसष्ट. वीस वर्षांपूर्वी मी त्याच्यावर एक लेख लिहिला होता. कात्रण अजून काचेखाली भिंतीवर आहे. सुनेनं लगेच दाखवलं.

श्टाइन्डल गाडीतून उतरला, गुडघा चोळला, हवेला नावं ठेवली.

"हा चढणार?" आकेनं मला विचारलं.

"घोडा चढेल."

"मग परवाना घोड्याच्या नावानं काढायचा होता."

दुपारी नेम जुळवायला पाच गोळ्या झाडल्या, पाचही मोठ्या रायफलीतून. छोटी नुसती जोडीला आणली आहे. तिचं काडतूस बारीक, मेंढ्याला पुरायचं नाही. आकेनं पाचही पुंगळ्या वेचून मोज्यात घातल्या. डोंगरात पितळ टाकलेलं त्याला चालत नाही.

जेवायला कुर्दक, म्हणजे चरबीत परतलेलं मटण, होतं. श्टाइन्डलनं एक तुकडा काट्यानं उलटापालटा करून बघितला आणि पिशवीतून स्वतःचा बिस्किटांचा पुडा काढला. सून रिकामं ताट घेऊन आत गेली. मला तो पुडा खिडकीबाहेर फेकावासा वाटला. मी त्याला सांगितलं की चहा गरम आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दोन मेंढे मेले. दोन्ही माझ्यासमोर. इथं अलंकारिक वाक्यं लिहायची नाहीत, झालं तसं लिहिते.

काल अकराच्या सुमारास श्टाइन्डलनं साडेतीनशे पावलांवरून गोळी मारली. ती पोटात लागली. मेंढा पळाला. आणखी तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा तो खडकांत कोसळला. जवळ जाईपर्यंत जिवंत होता. आकेनं सुरीनं सोडवला आणि तोंडातल्या तोंडात काही म्हटलं.

मेंढ्याच्या डाव्या शिंगाचं टोक वीतभर तुटलेलं होतं. जुनी मोडतोड, झुंजीत होतं तसं. श्टाइन्डलनं फितीनं मोजलं आणि ती खाली टाकली.

"हे मी घरी नेणार नाही," तो म्हणाला. "अशा डोक्यासाठी मी आलेलो नाही."

मी मेलिसला उपग्रहाच्या फोनवर गाठलं. तो शांत होता. "परवाना एका डोक्याचा ना? एकच डोकं देशाबाहेर जाईल. हे तिथंच दगडांखाली राहू दे. उद्या दुसरा बघा."

मी ते आकेला सांगितलं. त्यानं घोड्याचा लगाम हातात घेतला.

"डोकं राहू दे दगडाखाली," तो म्हणाला. "मांस राहणार नाही. मांस टाकणारा मी नव्हे."

मांस लादून आम्ही खाली येत होतो, छोटी रायफल आकेच्या खोगिराला. हिवाळी तळावरचा म्हातारा मेंढपाळ वाटेत भेटला आणि लांबूनच ओरडला, "शिरालगा!"

हा शब्द ऐकला की शिकाऱ्यानं वाटा द्यायचा. नाही म्हणता येत नाही. इथं सात पिढ्यांत कुणी म्हटलेलं नाही. आके खाली उतरला आणि त्यानं उजवी मागची तंगडी कापून दिली. त्याच्या बापानं घालून दिलेली रीत: वाटा मागणाऱ्याला उजवी मागची, त्यातच मान.

"आके, हे कुणाला कळायला नको होतं," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"त्यानं तोंडानं मागितलं, बुरुल. नाही म्हटलं असतं तर उद्या या डोंगरानं मला काय दिलं असतं?"

आज डोंगरानं दिलं. पूर्ण शिंगांचा नर, दोन गोळ्यांत. श्टाइन्डलनं त्याच्या तोंडाचं रक्त पुसायला लावलं, बाहेर आलेली जीभ आत ढकलायला लावली, दाढेत गवताची काडी अडकवली. मग फोटोसाठी मागं बसून हसला. आके चौकटीत येत होता. "ह्याला बाजूला व्हायला सांग," श्टाइन्डल म्हणाला. मी सांगितलं. 'ह्याला' हा शब्द मी भाषांतरात गाळला, ही माझी दिवसभरातली एकमेव मर्दुमकी.

उतरताना तोच म्हातारा, त्याच वळणावर. "शिरालगा!"

आके माझ्याकडं न बघता खाली उतरला. पुन्हा उजवी मागची.

हाताला चरबीचा वास आहे. तीनदा राखेनं घासले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वन्यजीव खात्याचा निरीक्षक काल म्हाताऱ्याच्या तळावर चहाला थांबला होता. खुद्द तुरदाकुन आकेनं फोनवर सांगितलं.

"आढ्याला दोन तंगड्या टांगलेल्या," तो म्हणाला. "दोन्ही मागच्या, दोन्ही उजव्या. निरीक्षक म्हणाला, बाबा, तुझ्या मेंढ्याला डावी बाजूच नव्हती की काय? म्हातारा म्हणाला, नाही रे, दोन दिवस दोन वेळा मिळाल्या, देव तुरदाकुनचं भलं करो."

आके हसत होता. मग हसायचं थांबला. "बुरुल, तो वही काढून लिहीत होता म्हणे."

मी तडक मेलिसच्या बिश्केकमधल्या कचेरीत गेले. परवान्याबाहेर आर्गाली मारणं म्हणजे तुरुंग. दंडावर भागत नाही. मेलिसला आधीच कळलं होतं. त्यानं चहा मागवला.

"श्टाइन्डलचं विमान सोमवारी. प्रकरण त्याच्या नावानं उघडलं तर रायफल कस्टममध्ये अडकेल आणि तो गावभर बोंबलेल. पुढच्या वर्षी तो आठ जणांना घेऊन येणारे."

"मग?"

"तू एक निवेदन लिही. खोटं काही नको. तुझ्याकडून खोटं लिहून घेण्याइतका मी हलकट नाही. फक्त सगळंच लिहायची गरज नाही. छोटी रायफल तुरदाकुनपाशी होती की नाही?"

"खोगिराला होती."

"तेवढंच लिही. मांस त्यानं वाटलं की नाही?"

"वाटलं."

"झालं तर. त्याला थोडा दंड बसेल, तो कंपनी भरेल. वनरक्षक आहे, म्हातारा आहे, जामीन माझा. पाच वाजेपर्यंत होईल?"

पावणेपाचला झालं. एक पान. 'दिनांक २१ व २२ रोजी दुसरी रायफल वनरक्षकाकडे होती. पाहुण्यांच्या परवान्यावरील नर २२ तारखेस मारला. २१ तारखेच्या जनावराची नोंद पाहुण्यांच्या कागदपत्रांत नाही. मांसाचे वाटप वनरक्षकाने स्वतःच्या इच्छेने केले. एकूण अकरा काडतुसे वापरली.' पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्य खरं आहे. यात आकेला अडकवणारं एकही वाक्य नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मेलिसनं वाचून पान छातीशी धरलं. "बावीस वर्षं वाया नाही गेली."

तरी जेवण गेलं नाही. कुणीतरी आपल्या तोंडात बोट घालून दात मोजतंय असं वाटत राहिलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आके सही करायला बसनं आला. सहा तास. माझ्यासाठी डबाभर साय आणि पुरचुंडीत कुरुत, वाळवलेल्या दह्याचे खारे गोळे. निवेदन रशियनमध्ये, त्याला बोलायला येतं, वाचायला अडखळतो.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

मेलिस घड्याळाकडं बघत होता.

"काय वाचायचंय?" आके म्हणाला. "माझ्याबद्दल तू आधीही लिहिलंयस की. भिंतीवर आहे. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार. कुठं करू?"

मी बोट ठेवलं. त्यानं टोपी काढून सही केली.

मेलिसनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आके, काळजी नको. मी बसलोय ना!"

"बसलायस ते दिसतंय," आके म्हणाला. "उठशील कधी ते सांग."

आम्ही तिघंही हसलो. त्याला बसथांब्यावर सोडून घरी आले. साय मी खाल्ली नाही, टाकलीही नाही. शेजारणीला दिली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

श्टाइन्डल आणि दोन्ही रायफली दुपारी दोन चाळीसला देशाबाहेर गेल्या. शिक्का कलिपाचा.

सगळं लिहायला हवं.

तिनं पेटी उघडली, नंबर ताडले, जाड काडतुसं टेबलावर ओतली. बारीक काडतुसांचा बंद डबा एकीकडं. मोजली. पुन्हा मोजली. मग निवेदन वाचलं. मेलिस माझ्या मागं दोन पावलांवर फोनवर बोलत उभा होता. आजवर तो कधी विमानतळावर आलेला नाही.

"एजे, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"स्वच्छ लिहिलंय. आमच्याकडं इतकं स्वच्छ कुणी लिहीत नाही." तिनं बारीक काडतुसांच्या डब्यावर बोट ठेवलं. "ही वीस आली होती. वीस परत चाललीत. डब्याची पट्टीही तुटलेली नाही. जाड चाळीस आली होती, एकोणतीस उरलीत."

"बरोबर. अकरा."

"अकराच्या अकरा जाड. म्हणजे वनरक्षकाकडं जी रायफल होती, ती झाडलीच नाही. मग एकवीस तारखेचा मेंढा कशानं मेला? ठेच लागून?"

मला हे सुचलं नव्हतं. शपथेवर सांगते. मी अकरा लिहिलं आणि पुढं गेले. एरवी कुठलाही वार्ताहर असा आकडा घेऊन आला असता तर मी त्याला उभा सोलला असता.

"माझं काम मोजण्यापुरतं," कलिपा आवाज न चढवता म्हणाली. "आकडे पंचनाम्याशी जुळतात. वनरक्षकाची सही आहे, पाहुण्यावर तक्रार नाही. मी पेटी अडवायची कशाच्या आधारावर? पण जबाबदार व्यक्ती तुम्ही. तुम्ही आत्ता तोंडी जरी काही सांगितलंत, तरी पेटी इथंच राहील."

श्टाइन्डल मला विचारत होता, ती काय म्हणते. मागं मेलिसचं फोनवरचं बोलणं थांबलं होतं.

"ती म्हणते, सगळं ठीक आहे," मी त्याला सांगितलं.

कलिपाला इंग्रजी कळतं. तिनं शिक्का मारला. मोजणीची एक प्रत सारून म्हणाली, "ही तुमची."

श्टाइन्डलनं जाताना माझ्या गालाला हात लावला, लहान मुलीच्या लावतात तसा, आणि विमानतळावरच्या दुकानातल्या चॉकलेटचा डबा दिला. "गुड गर्ल." बावन्न वर्षांची आहे मी. डबा कचऱ्यात टाकला आणि शौचालयात जाऊन ओकले. त्याच्या हाताची शिसारी आली म्हणून ओकले, असं गाडीत मेलिसला सांगितलं. त्याच्या हातानं नव्हतं झालं ते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तुरदाकुनला काल सकाळी घरातून उचललं. सुनेनं फोनवर कळवलं, तिच्यासमोर नेलं. सध्या नारिनच्या कोठडीत. आरोप एका आर्गालीच्या बेकायदा शिकारीचा. पुरावा: दोन तंगड्या आणि त्याच्या सहीचं निवेदन.

"त्यात काय लिहिलंय हो?" तिनं विचारलं. "मामंजी म्हणतात, बुरुलनं लिहिलंय, त्यात वाईट नसणार. पोलीस म्हणतात, म्हाताऱ्यानं कबूल केलंय. खरं कोण बोलतंय?"

मी तिला पान वाचून दाखवलं. तिच्या भाषेत, सावकाश. शेवटी ती इतकंच म्हणाली, "म्हणजे तुम्हीच."

मेलिस दिवसभर फोन उचलत नव्हता. सहाला उचलला.

"जामीन तुझा होता," मी म्हटलं.

"वकील बघतोय. घाई केली की बिघडतं."

"तू म्हणालास दंडावर भागेल."

"मी न्यायाधीश आहे का? बुरुल, दमलीयस तू. आठ दिवस घरी बस."

"मी सगळं लिहून देणारे. कुणी मारलं, किती गोळ्या झाडल्या, तू फोनवर काय सांगितलंस."

तो अगदी मायेनं बोलला. त्याच आवाजात तो शाळेत माझ्याकडून निबंध लिहून घ्यायचा. "दे की. मी तर बिश्केकमध्ये होतो. डोंगरात तू होतीस. रायफली तुझ्या सहीनं आल्या, तुझ्या सहीनं गेल्या. मी फोनवर काय बोललो ते तुझ्याशिवाय कुणी ऐकलंय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरखंड वळून दिला मी, तोही सुबक, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. इतके दिवस मला श्टाइन्डलचा वीट येत होता. तो वीट सोपा होता.

दुसरं निवेदन लिहायला घेतलं. पहिल्याला दीड तास लागला होता. हे होईना. शेवटी नुसतं झालं तसं लिहिलं: चार गोळ्या, मग सुरी. दुसऱ्या दिवशी दोन. मारणारा श्टाइन्डल. सांगणारा मेलिस. पहिलं निवेदन लिहिणारी, आणि कस्टमच्या टेबलापाशी विचारलं असता गप्प राहणारी, मी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नारिन. स्वस्तातल्या वसतिगृहात आहे. नळाला पाणी नाही, खोली गरम आहे.

सकाळी निघण्याआधी कलिपाकडं गेले होते. आगमन आणि निर्गमन, दोन्ही मोजण्यांच्या प्रती तिनं शिक्का मारून दिल्या. निवेदन वाचलं.

"यात तुम्हीही जाल, एजे."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर तिनं म्हटल्यावरच नीट कळलं. पंचनाम्यावरच्या 'जबाबदार व्यक्ती' या दोन शब्दांचा अर्थ मी दोन आठवडे मान असा लावत होते.

"सोमवारी मी शिक्का थांबवायला हवा होता का?" कलिपानं विचारलं.

"तू विचारलं होतंस. आणखी काय करणार होतीस?"

तिनं पुढच्या माणसाची पेटी ओढून घेतली.

संध्याकाळी तुरदाकुनच्या वकिलाला भेटले. सरकारी, तरुण, नाकाला सर्दी. त्यानं कागद दोनदा चाळले, मोजणीपाशी थांबला, म्हणाला, "हे आधी कुठं होतं?" मी म्हटलं, माझ्या पिशवीत. आकेला भेटू द्या म्हटलं, तर आज भेट नाही. सुनेला फोन केला. तिनं ऐकून घेतलं. "या उद्या कोर्टात. घरी मात्र येऊ नका," म्हणाली.

सुनावणी उद्या दुपारी दोनला. वकील म्हणतो, निवेदन दाखल होईल. पण श्टाइन्डल देशाबाहेर आहे आणि मेलिस सगळं नाकारेल, त्यामुळं न्यायाधीश कुणावर विश्वास ठेवतील ते सांगता येत नाही. प्रकरण माझ्यावर वळण्याची शक्यता त्यानं निम्मी धरली आहे. आधी तुरदाकुनला उभं करतील आणि पहिलं निवेदन दाखवून विचारतील, सही तुमची का. तो हो म्हणेल. मग विचारतील, सही करण्याआधी वाचलं होतं का. त्यावर तो बहुधा मान वळवून खोलीत मला शोधेल.

मी पहिल्या बाकावर बसणार आहे.